अक्षरामागचा माणूस : गॅरी किल्डॉल

शास्त्रज्ञांची आणि संशोधकांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. वाफेच्या इंजिनाबरोबर जेम्स वॅट, विजेच्या दिव्याबरोबर एडिसन, रेडियमबरोबर मादाम क्युरी अशा जोड्या आपल्या मनात पक्क्या बसलेल्या असतात. संगणकाच्या क्षेत्रातही अशा काही जोड्या आता रूढ झाल्या आहेत. परंतु काही माणसांचे काम घरोघरी पोचते आणि नाव मात्र वाटेतच कुठेतरी गळून पडते. अशाच एका माणसाची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गेली काही वर्षे मी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, हा विषय शिकवतो. दरवर्षी पहिल्या पंधरवड्यात कोणी ना कोणी विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतो. विंडोज प्रणालीच्या संगणकात मुख्य डिस्कचे नाव 'सी' का? मोजणी 'ए'पासून का सुरू होत नाही? 'ए' आणि 'बी' गेले कुठे? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅसिफिक ग्रोव्ह नावाच्या एका लहानशा गावात, १९७४ सालात जाऊन पोचतो. तेथे आपली गाठ गॅरी किल्डॉल यांच्याशी पडते.

नौकानयनाच्या शाळेतला मुलगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल या बंदराच्या शहरी झाला. किल्डॉल घराण्याची तेथे नौकानयनाची शाळा होती. ती आजोबांनी काढली, वडिलांनी चालवली आणि वयात आल्यावर गॅरीनेही तेथे काही काळ शिकवले. अथांग समुद्रावर आपले जहाज नेमके कोठे आहे हे गणिताने ठरवायचे, ही त्या शाळेची विद्या. मुलाला यंत्रांची हौस होती आणि गणिताची गोडी होती. गणिताचा शिक्षक व्हावे, एवढीच महत्त्वाकांक्षा मनात धरून तो वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला. १९६३ साली डोरोथी मॅक्युएन या शाळेपासूनच्या मैत्रिणीशी त्याचा विवाह झाला. पुढच्या कथेत डोरोथीबाईंचा वाटा मोठा आहे.

विद्यापीठात संगणकाशी गाठ पडली आणि गणिताच्या शिक्षकाचा बेत मागे पडला. त्यांनी १९६७ साली पदवी आणि १९६८ साली पदव्युत्तर पदवी घेतली. ते व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. नौदलाची सेवा करणे भाग होते. ती त्यांनी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थेत प्राध्यापकी करून पार पाडली. मध्यंतरी सिॲटलला परत जाऊन १९७२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. संगणकाचा प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवताना तो अधिक आटोपशीर कसा करता येईल, याविषयीचा त्यांचा १९७३ सालचा निबंध आजही त्या शाखेच्या अभ्यासकांना वाचावा लागतो. पुढे हे गृहस्थ उद्योजक झाले हे खरे. परंतु पिंड शिक्षकाचा होता ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या यशाचे आणि अपयशाचेही बरेचसे मूळ तेथे आहे.

नखाएवढ्या चकतीसाठी कार्यप्रणाली

१९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. संगणकाचे सारे गणिती अंग नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर मावले होते. बहुतेकांना ती वस्तू गणनयंत्रात किंवा रहदारीच्या दिव्यांच्या पेटीत घालण्यापुरती वाटली. किल्डॉल यांनी ती विकत घेतली, तिच्यासाठी प्रोग्राम लिहून पाहिले आणि हा एक खराखुरा संगणकच आहे अशी त्यांची खात्री पटली. शिकवण्याचे दिवस सांभाळून उरलेल्या दिवशी ते इंटेलमध्ये सल्लागार म्हणून जाऊ लागले. १९७३ साली त्यांनी त्या कंपनीसाठी पीएल/एम ही भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी यंत्रभाषेच्या वरच्या पातळीवरील भाषा असू शकते, हे तिने दाखवून दिले.

आता अडचण अशी होती की, पीएल/एममध्ये लिहिलेला प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवण्याचे काम मोठ्या संगणकावर करावे लागे. ते काम लहान यंत्रावरच करायचे, तर माहिती साठवायला जागा हवी. त्या काळी लहान यंत्रांची साठवण म्हणजे छिद्रे पाडलेली कागदी फीत. ती वाचायला वेळ लागे, फाटे, गुंडाळता गुंडाळता जीव मेटाकुटीस येई. त्याच सुमारास फ्लॉपी डिस्क हे नवे साधन निघाले होते. आठ इंच व्यासाची, पापडासारखी पातळ, चुंबकीय लेप दिलेली ही तबकडी. तिच्यावर ७७ वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे २६ भाग आणि प्रत्येक भागात १२८ अक्षरे. म्हणजे एकूण अडीच लाखांवर अक्षरे एका तबकडीत मावत. फितीप्रमाणे सुरुवातीपासून उलगडण्याची गरज नाही. हव्या त्या भागावर थेट जाता येई.

शुगार्ट असोशिएट्स या कंपनीकडून किल्डॉल यांनी चाचण्यांत झिजलेला एक डिस्क ड्राइव्ह मिळवला. परंतु नुसता ड्राइव्ह म्हणजे सारथ्याविना रथ! तो मायक्रोप्रोसेसरच्या हुकमतीत आणणारे विद्युत् मंडल त्यांना एकट्याने जमेना. अखेर विद्यापीठातील जुने मित्र जॉन टोरोडे यांनी ते मंडल तयार केले, किल्डॉल यांनी कार्यप्रणाली लिहिली आणि १९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह येथे ती प्रथम चालली. तिचे नाव सीपी/एम. (आपल्याकडील याच आद्याक्षरांच्या राजकीय पक्षाशी तिचा काही संबंध नाही!) इंटेलने पीएल/एम ठेवून घेतली, सीपी/एममध्ये मात्र तिला रस वाटला नाही. तेव्हा किल्डॉल पतिपत्नींनी स्वतःच कंपनी काढली. तिचे सुरुवातीचे नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. आकाशगंगांना गवसणी घालणारे ते गमतीदार नाव पुढे नुसते डिजिटल रिसर्च असे झाले. किल्डॉल प्रोग्राम लिहीत आणि डोरोथीबाई व्यवहार पाहत.

नाव जागेचे, वस्तूचे नव्हे

आता ज्या कामासाठी मी हे चरित्र निवडले त्या कामाकडे वळू. संगणकाला डिस्क, छापण्याचे यंत्र, पडदा, कळफलक अशी अनेक उपकरणे जोडलेली असतात. त्यांना हाक कोणत्या नावाने मारायची? उपकरणाच्या प्रत्यक्ष जोडणीवरून नाव ठेवले, तर प्रत्येक कारखान्याच्या यंत्रात ते निराळे होणार, आणि एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर कुचकामी ठरणार. त्या दिवसांत अगदी हेच चालले होते. प्रत्येक कारखानदाराची तऱ्हा वेगळी आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रत्येक यंत्रासाठी नव्याने घाम गाळावा लागे.

किल्डॉल यांनी साध्या, एकाक्षरी नावांची योजना केली. पहिला ड्राइव्ह 'ए', दुसरा 'बी', आणि अक्षरापुढे आपल्या विसर्गासारखे दोन ठिपके. ही कल्पना सर्वस्वी त्यांची होती असे मात्र मी म्हणणार नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील सीपी/सीएमएस या प्रणालीत वापरकर्त्याच्या डिस्कना अक्षरे देण्याची रीत १९६० च्या दशकातच होती. उपकरणाच्या नावापुढे दोन ठिपके देण्याची पद्धत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संगणकांवर रूढ होती. माहिती एका उपकरणावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या 'पिप' या आज्ञेचे नावही तिकडूनच आलेले. मोठ्या संगणकांच्या दरबारातील या रीती वेचून, त्यांना कात्री लावून, अगदी तुटपुंज्या स्मृतीच्या लहान यंत्रात त्या बसवणे हे किल्डॉल यांचे कर्तृत्व.

यंत्र सुरू झाले की पडद्यावर 'ए' हे अक्षर आणि त्यापुढे एक टोकदार चिन्ह उमटे. याचा अर्थ, आता ए-ड्राइव्ह तुमच्या सेवेस हजर आहे. 'बी' आणि दोन ठिपके टंकले की बी-ड्राइव्ह हजर. १९७९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत 'ए'पासून 'पी'पर्यंत सोळा ड्राइव्हांची सोय झाली. डिस्कखेरीज इतर चार उपकरणांनाही त्यांनी ठरावीक नावे दिली : संवादाचे यंत्र, वाचक, छिद्रक आणि छापील यादीचे यंत्र. ही नावे काल्पनिक होती असे म्हटले तरी चालेल. त्यांपैकी प्रत्येकामागे प्रत्यक्षात चारपैकी कोणतेही एक यंत्र उभे करता येई. चार पर्यायांतून एक निवडायला दोन बिट लागतात. चार नावांसाठी आठ बिट, म्हणजे बरोबर एक बाइट. सगळ्या नावांचा आणि यंत्रांचा जमाखर्च स्मृतीच्या एका घरात मावला! विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देतो, कारण काटकसर हेही एक सौंदर्य असते.

नाव आणि वस्तू यांतील हा भेद वसतिगृहाच्या उदाहरणाने चटकन कळतो. बारा नंबरच्या खोलीला पत्र टाकले, तर ते खोलीला पोचते. यंदा तेथे एक विद्यार्थी राहतो, पुढच्या वर्षी दुसरा येईल. खोलीचा नंबर मात्र तोच. 'ए' हे अक्षर ड्राइव्हचे नाव आहे, आत बसवलेल्या तबकडीचे नव्हे. म्हणूनच ते सोयीचे आहे, आणि म्हणूनच त्यात एक धोकाही आहे.

तो धोका असा. कोणता भाग भरला आहे आणि कोणता रिकामा, याचा नकाशा कार्यप्रणाली स्मृतीत बाळगून असते. वापरकर्त्याने न सांगता ए-ड्राइव्हमधील तबकडी काढून दुसरी घातली, तर नाव तेच राहते आणि वस्तू बदलते. जुन्या नकाशाच्या भरवशावर प्रणाली नव्या तबकडीवर लिहू लागली, तर तिच्यावरील माहितीची वाताहत ठरलेली. यावर किल्डॉल यांनी एक तोड काढली. तबकडीवरील अनुक्रमणिकेच्या नोंदींची बेरीज करून ठेवायची. पुन्हा वाचताना बेरीज जुळली नाही, तर तबकडी बदलली आहे असे समजायचे आणि तिच्यावर लिहायची बंदी करायची. वापरकर्त्याने ठरावीक कळ दाबून नव्या तबकडीची रीतसर वर्दी दिली की बंदी उठे. म्हणजे माणूस वेषावरून ओळखू येईना, तर बोटांचे ठसे घेण्यासारखेच हे झाले.

बायॉस

पुढे इम्साई नावाच्या संगणक कंपनीला सीपी/एम हवी झाली. तिच्या यंत्रातील डिस्कची जोडणी निराळी होती. दर नव्या यंत्रासाठी सारी प्रणाली हाताळत बसणे किल्डॉल यांना पटेना. त्यांनी प्रणालीचे सरळ भाग पाडले. फायली, अनुक्रमणिका, नावे यांचा सारा कारभार एका भागात. आणि यंत्राच्या प्रत्यक्ष तारांशी व कळांशी बोलणारा, अगदी लहान, निराळा भाग तळाशी. या तळाच्या भागाला त्यांनी बायॉस हे नाव दिले. वरचा भाग म्हणे, 'ए' निवड, अमुक मार्गावरील तमुक भाग वाच. ते प्रत्यक्षात कसे करायचे हे बायॉसने पाहायचे. नवे यंत्र आले की तेवढा तळचा तुकडा नव्याने लिहायचा. वरचे सारे जसेच्या तसे.

या एका विभागणीने लहान संगणकांचे जग पालटले. शेकडो प्रकारची यंत्रे, तळाशी शेकडो प्रकारचे बायॉस. परंतु वरून पाहणाऱ्या प्रोग्रामला सगळीकडे तोच 'ए', तोच 'बी', तीच आठ आणि तीन अक्षरांत बसणारी फायलींची नावे. पत्रलेखनाचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम एकदा लिहिला की कोणत्याही सीपी/एम यंत्रावर विकता येऊ लागला. प्रोग्राम हा स्वतंत्र विक्रीचा माल झाला. १९७६ साली सीपी/एम अवघ्या ७० डॉलरला विकत मिळे. त्याच वर्षी किल्डॉल यांनी प्राध्यापकी सोडली. काही वर्षांत सीपी/एमचे परवाने लाखांच्या घरात गेले, पैसा आला, आणि किल्डॉल यांनी आपली विमान चालवण्याची हौस पुरवून घेतली.

विमानाची गोष्ट

१९८० साली आयबीएमने घरगुती व कचेरीतील वापरासाठी लहान संगणक काढायचे ठरवले. त्याला कार्यप्रणाली हवी म्हणून तिची माणसे पॅसिफिक ग्रोव्हला आली. त्या सकाळी किल्डॉल आपले विमान घेऊन एका ग्राहकाकडे कामासाठी गेले होते. व्यवहाराचे बोलणे नेहमीप्रमाणे डोरोथीबाईंनी करायचे होते. आयबीएमच्या लोकांनी बोलण्याआधी गुप्ततेचा एक करार पुढे केला. तो फारच एकतर्फी असल्यामुळे त्यावर सही करायला त्या आणि कंपनीचे वकील कचरले. दुपारी किल्डॉल परतल्यावर काय बोलणे झाले, याविषयी संबंधितांच्या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत. बोलणी फिसकटली एवढे मात्र निश्चित. पैसे एकरकमी घ्यायचे की विकलेल्या प्रत्येक प्रतीवर, हाही वादाचा मुद्दा होता.

इकडे सिॲटलमध्ये, म्हणजे किल्डॉल यांच्याच जन्मगावी, सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीत टिम पॅटरसन नावाचा तरुण अभियंता काम करत होता. इंटेलच्या नव्या ८०८६ प्रोसेसरसाठी सीपी/एम अजून तयार नव्हती. त्याने १९८० साली त्या प्रोसेसरसाठी आपली प्रणाली लिहिली. सीपी/एमसाठी लिहिलेले प्रोग्राम थोड्या श्रमात तिच्यावर आणता यावेत, म्हणून प्रणालीला मारायच्या हाका त्याने सीपी/एमसारख्याच ठेवल्या. फायलींची साठवण मात्र त्याने वेगळ्या रीतीने केली. ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने आधी परवान्याने व १९८१ साली पूर्णपणे विकत घेतली आणि आयबीएमला पुरवली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा त्याच्या पडद्यावर 'ए' आणि टोकदार चिन्ह उमटले. अक्षर तेच, दोन ठिपके तेच, आठ आणि तीन अक्षरांची नावे तीच. मालक मात्र बदलला होता.

किल्डॉल यांनी हरकत घेतली. प्रोग्रामच्या बाह्य स्वरूपावर कोणाचा हक्क चालतो, हे त्या वेळी कायद्यात पुरते ठरलेले नव्हते. आयबीएमने सीपी/एमही विकण्याचे मान्य केले, आणि प्रकरण मिटले असे किल्डॉल यांना वाटले. परंतु दुकानात मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एमची २४० डॉलर. गिऱ्हाईक कोणीकडे जाणार हे सांगायला अर्थशास्त्राचा प्राध्यापक नको!

या ठिकाणी मला एक गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते. किल्डॉल यांनी नाव आणि वस्तू यांची फारकत केली, म्हणून तळचे यंत्र बदलले तरी वरचा प्रोग्राम चालू शकला. प्रोग्रामला यंत्र कोणाचे हे कळण्याची गरज उरली नाही. परंतु त्याच न्यायाने, हाकेला ओ देणारी प्रणाली कोणाची, हेही कळण्याची गरज उरली नाही. तीच नावे आणि त्याच हाका ओळखणारी दुसरी प्रणाली सीपी/एमच्या जागी येऊन बसली, आणि वरच्या प्रोग्रामांची फारशी अडचण झाली नाही. ड्राइव्हमधली तबकडी बदलावी तशी प्रणाली बदलली गेली. ज्या गुणामुळे सीपी/एम जगभर पसरली, त्याच गुणामुळे ती बाजूला सारता आली. यात कोणाला व्यवसायाची चतुराई दिसेल, कोणाला अन्याय दिसेल. मला स्वतःला असे वाटते की, सर्वांना उपयोगी पडेल अशी व्यवस्था जो लावून देतो, त्याच्या हातून त्या व्यवस्थेची मालकी निसटण्याचा संभव नेहमीच असतो. किल्डॉल यांचा जिव्हाळा व्यवस्थेशी होता, मालकीवर त्यांनी पुरेसा पहारा ठेवला नाही.

'सी'चे उत्तर

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पहिल्या पीसीत फ्लॉपीचे फार तर दोन ड्राइव्ह असत, म्हणून 'ए' व 'बी' ही अक्षरे त्यांची. ड्राइव्ह एकच असला, तर प्रणाली त्यालाच दोन्ही नावे देई आणि 'बी'चे काम आले की तबकडी बदला अशी विनंती करी. एका वस्तूला दोन नावे असण्याचा हा चमत्कारिक नमुना. १९८३ साली पीसीच्या नव्या नमुन्यात कायमची बसवलेली, १० मेगाबाइटची कठीण डिस्क आली. 'ए' आणि 'बी' आधीच व्यापलेले, म्हणून तिच्या वाट्याला 'सी' आले. फ्लॉपी इतिहासजमा झाली, पण तिच्या दोन खोल्यांचे नंबर कोणी नव्या भाडेकरूला आपणहून देत नाही! तशीच दुसरी खूण पाहायची तर विंडोजमध्ये संवादयंत्राच्या जुन्या नावाची, म्हणजे 'कॉन' या तीन इंग्रजी अक्षरांची, फाइल करू पाहा. संगणक नकार देईल. ते नाव अजूनही उपकरणासाठी राखलेले आहे.

सगळ्यांनीच ही वाट धरली असे नाही. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्समध्ये ड्राइव्हना अक्षरे नाहीत. सर्व डिस्क एकाच वृक्षाच्या फांद्या होतात आणि उपकरणेही फायलींसारखी त्याच वृक्षात दिसतात. त्याच परंपरेतील लिनक्समध्ये डिस्कना सापडण्याच्या क्रमाने नावे मिळत असल्यामुळे, जोडणी बदलली की नावही बदलू शकते. म्हणून डिस्कवरील प्रत्येक विभागावर त्याची स्वतःची एक लांबलचक ओळखसंख्या लिहून ठेवतात आणि तिच्यावरून तो शोधतात. जागेवरून हाक मारायची की अंगच्या खुणेवरून, हा जो प्रश्न किल्डॉल यांना तबकडीच्या अदलाबदलीत भेटला, तोच प्रश्न आजही नव्या कपड्यांत आपल्यापुढे उभा आहे.

उत्तरायुष्य

१९८१ नंतर किल्डॉल हात बांधून बसले, असे समजणे अगदी चूक ठरेल. एकाच वेळी अनेक कामे करणारी सीपी/एमची आवृत्ती त्यांच्या कंपनीने काढली. १९८४ साली टॉम रोलँडर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दुसरी कंपनी स्थापून सीडी-रॉमवर काम केले, आणि १९८५ साली ग्रोलियरचा ज्ञानकोश एका चकचकीत तबकडीवर आणला. संगणकावर ज्ञानकोश चाळण्याची ती सुरुवातच होती. 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते १९९० पर्यंत स्टुअर्ट शिफे यांच्या जोडीने सूत्रसंचालन करत. त्या कार्यक्रमाचे जुने भाग मी पाहिले आहेत. शांत आवाज, समोरच्याचे ऐकून घेण्याची वृत्ती, प्रतिस्पर्ध्याच्या वस्तूलाही मोकळेपणाने दाद. वर्गात असा शिक्षक असावा, असे पाहताना वाटते.

संसार मात्र टिकला नाही. १९८३ साली डोरोथीबाईंशी घटस्फोट झाला. १९९१ साली डिजिटल रिसर्च नोव्हेल कंपनीने विकत घेतली. पैशाला तोटा नव्हता. परंतु आयबीएमची संधी हवेत उडवणारा वैमानिक, ही एका वाक्याची ओळख त्यांना आयुष्यभर चिकटली. १९९२ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणक विभागाला पंचवीस वर्षे झाली. माजी विद्यार्थी म्हणून किल्डॉल यांना आमंत्रण होते. मुख्य भाषण मात्र बिल गेट्स यांचे ठेवले होते. ते शल्य त्यांच्या मनात राहिले आणि त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. त्या पुस्तकरूपाने निघाल्या नाहीत. अखेरच्या वर्षांत मद्याचे व्यसन बळावले होते. जुलै १९९४ मध्ये माँटेरे येथे डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर, ११ तारखेला त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२ होते.

मरणानंतर जगाला थोडी जाग आली. १९९५ साली प्रोग्राम प्रकाशकांच्या अमेरिकन संघटनेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. २०१४ साली, सीपी/एमला चाळीस वर्षे झाली तेव्हा, विद्युत् अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने पॅसिफिक ग्रोव्ह येथील त्यांच्या जुन्या कचेरीसमोर स्मृतिफलक बसवला. कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयाने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचे मूळ लेखन अभ्यासकांना खुले केले. आणि २०१६ साली मुलांच्या संमतीने त्या आठवणींचा पहिला भाग प्रसिद्ध झाला.

आपण काय घ्यावे?

या चरित्रातून व्यवहारी वाचक एक धडा घेईल : मोठे गिऱ्हाईक दारी येणार असेल तर घरी थांबावे. तो धडा खोटा नाही. पण फार अपुरा आहे. संगणकाचा उद्योग विमानाच्या त्या एका फेरीने घडला नाही आणि किल्डॉलही त्या एका फेरीत मावत नाहीत. माणसाला एका प्रसंगाचे नाव देऊन मोकळे होणे म्हणजे, ड्राइव्हचे अक्षर वाचून आतली तबकडी कळली असे समजण्यासारखे आहे. नाव सोयीचे असते; ओळख पटवायला आत पाहावे लागते, नोंदींची बेरीज करावी लागते.

विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे एवढेच आहे की, आपण जी साधने वापरतो त्यांतील क्षुल्लक वाटणाऱ्या खुणांचा, एखाद्या अक्षराचा, दोन ठिपक्यांचा, माग काढण्याची सवय ठेवा. त्यामागे कोणीतरी अडचण सोसलेली असते, कोणीतरी रात्री जागवलेल्या असतात. उत्तम व्यवस्था इतकी अंगवळणी पडते की ती कोणी लावली हा प्रश्नच कोणाला पडत नाही, आणि ती लावणाऱ्याला याहून मोठी पावती दुसरी नाही. तथापि ती पावती देणाऱ्यांनी, म्हणजे आपण, अधूनमधून त्याचे नाव घ्यावे. तेवढे ऋण आपल्याकडे निघते.